आपलीशी वाटणारी बाटली

चित्र साधंच आहे. एक कृष्णवर्णीय आई सहा बाटल्यांचं खोकं हातात धरून उभी आहे आणि तिचा सहा-सात वर्षांचा मुलगा त्यातल्या एका बाटलीकडे हात लांबवतो आहे. १९४० च्या दशकाच्या अखेरीस पेप्सी-कोला कंपनीने अमेरिकेत ही जाहिरात केली. त्यातला मुलगा म्हणजे रॉन ब्राउन. न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीतल्या हॉटेल थेरेसामध्ये तो वाढला, कारण त्याचे वडील तिथे व्यवस्थापक होते. पुढे बिल क्लिंटन यांच्या मंत्रिमंडळात तो वाणिज्यमंत्री झाला. त्या पदावर बसलेला तो पहिला कृष्णवर्णीय माणूस.

आज हे चित्र कुणाच्या नजरेत भरणार नाही. तेव्हा मात्र अमेरिकन मासिकांच्या जाहिरातींत कृष्णवर्णीय माणूस दिसायचा तो स्वयंपाकीण म्हणून, हमाल म्हणून किंवा गोऱ्या कुटुंबाला अदबीने ताट वाढणारा नोकर म्हणून. स्वच्छ कपड्यांतली, हसरी, आपल्या पैशाने आपल्या मुलासाठी खरेदी करणारी कृष्णवर्णीय आई जाहिरातीत दिसणं हीच मोठी गोष्ट होती. ज्यांनी ते चित्र पाहिलं त्यांना काय वाटलं असेल, याचा अंदाज करणं अवघड नाही. कुणीतरी आपल्याला माणूस म्हणून पाहिलं होतं.

साखरेच्या पेयांची जाहिरात अमेरिकेतल्या अल्पसंख्याक समाजांना हेरून कशी होते, हा या पानांचा विषय आहे. त्याची सुरुवात लबाडीच्या गोष्टीपासून केली तर तो विषय कळणारच नाही. ती सन्मानाच्या गोष्टीपासूनच करावी लागते, कारण आज डॉक्टर, पाद्री आणि शाळामास्तर ज्या गाठीशी झगडत आहेत ती तिथेच बसलेली आहे.

जाहिरातीमागे एडवर्ड बॉइड होते. १९४७ मध्ये पेप्सीचे अध्यक्ष वॉल्टर मॅक यांनी त्यांना नेमलं आणि त्यांच्या हाताखाली कृष्णवर्णीय विक्रेत्यांचं एक पथक उभं राहिलं. पेप्सी त्या वेळी दुसऱ्या नंबरची कंपनी होती. कोका-कोलाची साडेसहा औंसांची बाटली पाच सेंटला मिळायची. पेप्सीने तेवढ्याच पैशांत बारा औंस द्यायला सुरुवात केली आणि मंदीच्या काळात गरिबांच्या घरात ती शिरली. कोकला गोऱ्या मध्यमवर्गाची पसंती होती, तेव्हा उरलेलं गिऱ्हाईक आपण धरावं, हा मॅक यांचा हिशेब होता.

बॉइड यांच्या माणसांनी ते गिऱ्हाईक शोधलं ते चर्चमध्ये, कृष्णवर्णीयांच्या महाविद्यालयांत, व्यावसायिकांच्या संमेलनांत आणि कोपऱ्यावरच्या दुकानांत. दक्षिणेत वर्णभेदाचे कायदे होते. चांगले सूट घातलेली, पदवीधर माणसं असूनही त्यांना गोऱ्यांच्या हॉटेलात खोली मिळत नसे. मग ती ओळखीच्या कुटुंबांत मुक्काम करायची. कू क्लक्स क्लान या वर्णद्वेष्ट्या संघटनेच्या धमक्या यायच्या, आणि कंपनीतले गोरे सहकारीही अपमान करायचे. तरीही त्यांनी बाजार हलवला. शिकागोत पथक फिरून गेल्यावर त्या शहरात पेप्सीने पहिल्यांदा कोकला मागे टाकलं. ‘आपापल्या क्षेत्रातले नेते’ या आशयाची त्यांची जाहिरातमालिका शाळा-महाविद्यालयांच्या भिंतींवर लागली. नंतर शांततेचं नोबेल मिळवणारे मुत्सद्दी राल्फ बंच त्या मालिकेत होते. मुलांना आपल्यातल्या मोठ्या माणसांचे चेहरे दिसले, आणि चेहऱ्याच्या जोडीला पेप्सीचं नाव.

आणि मग १९४९ ची ती सभा. न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ-अ‍ॅस्टोरिया हॉटेलात बाटल्या भरणाऱ्या कारखानदारांसमोर बोलताना मॅक यांनी कृष्णवर्णीयांसाठीची अत्यंत हीन शिवी वापरली. पेप्सी ‘त्या लोकांचं पेय’ म्हणून ओळखली जाऊ नये, अशी काहीतरी तजवीज केली पाहिजे, असा त्यांच्या बोलण्याचा अर्थ होता. बॉइड श्रोत्यांतून उठले आणि चालते झाले. दोन-एक वर्षांत मॅकही कंपनीत नव्हते आणि बॉइड यांचं पथकही. स्टेफनी कॅपेरल या पत्रकार स्त्रीने २००७ मध्ये पुस्तकातून ही हकीकत मांडली, तोवर अमेरिकेतही ती फारशी कुणाला माहीत नव्हती.

या हकीकतीत दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. बॉइड आणि त्यांच्या सोबत्यांनी बंद दरवाजे उघडले, आणि त्यांच्यामागून शेकडो कृष्णवर्णीय तरुण मोठ्या कंपन्यांत शिरले. कंपनीला मात्र त्या समाजाचे पाच सेंट हवे होते. तो समाज आपल्या नावाशी जोडला जाणं तिला नको होतं. पुढची सत्तर-पंचाहत्तर वर्षं हाच करार वेगवेगळ्या रूपांत चालत आलेला दिसतो.

कोका-कोला या बाजारात उशिरा उतरली. अटलांटात १८८६ मध्ये जन्मलेल्या या पेयाचा पहिला संसार सोडा फाउंटनवर झाला, आणि दक्षिणेत त्या काउंटरवर कृष्णवर्णीयांना जागा नव्हती. १९५० च्या दशकात कंपनीने मॉस केंड्रिक्स या कृष्णवर्णीय जनसंपर्कतज्ज्ञाला सोबत घेतलं. ऑलिंपिकवीर जेसी ओवेन्स जाहिरातीत आले. १९५५ मध्ये मेरी अलेक्झांडर ही विद्यार्थिनी कोकच्या जाहिरातीत झळकली. कृष्णवर्णीय स्त्री कोकच्या जाहिरातीत यायची ही पहिलीच वेळ. १९८१ मध्ये रेव्हरंड जेसी जॅक्सन यांच्या ‘ऑपरेशन पुश’ संघटनेने कोकवर बहिष्कार पुकारला. आमचे लोक तुमचं पेय विकत घेतात, मग तुमच्या वितरकांत, पुरवठादारांत, बँकांच्या व्यवहारांत आमची माणसं का नाहीत, हा त्यांचा प्रश्न होता. कंपनीने तडजोड केली आणि कृष्णवर्णीयांच्या व्यवसायांत पैसा घालायचं कबूल केलं. मागणी न्याय्य होती आणि मिळालं तेही मोलाचं होतं. पण त्या दिवसापासून समाजाची भरभराट आणि पेयाचा खप एकाच दोरीने बांधले गेले, आणि हे पेय शरीराचं काय करतं हा प्रश्न त्या वाटाघाटींच्या टेबलावर आलाच नाही.

नंतर गाणं आलं. १९८६ मध्ये कोका-कोलाच्याच स्प्राइटने कर्टिस ब्लो या रॅपरला जाहिरातीत घेतलं, तेव्हा बऱ्याच गोऱ्या अमेरिकनांना रॅप म्हणजे काय हेही धड ठाऊक नव्हतं. १९९० च्या दशकात स्प्राइटने हिप-हॉपशी असं काही सूत जुळवलं, की नॅझसारखा न्यूयॉर्कच्या सार्वजनिक वसाहतीत वाढलेला कवी-गायक सहज रॅप करतो आहे आणि शेजारी हिरवा डबा आहे, एवढ्यावर जाहिरात पुरी व्हायची. आम्ही तुम्हाला काही विकत नाही, असा त्या जाहिरातीचा आव होता. तहान आणि स्वाभिमान ही दोन्ही एकाच वाक्यात गुंफलेली होती. २००३ मध्ये अठरा वर्षांचा लेब्रॉन जेम्स कोका-कोला कंपनीशी करारबद्ध झाला. २०१२ च्या डिसेंबरात पेप्सीने बियॉन्सेशी ५ कोटी डॉलरचा करार केल्याच्या बातम्या आल्या, आणि ती काही काळापूर्वीच मिशेल ओबामांच्या शाळकरी मुलांसाठीच्या व्यायाममोहिमेत सहभागी झाली होती, याची आठवण अनेकांनी तेव्हा करून दिली. न्यूयॉर्क विद्यापीठातल्या मारी ब्रॅग यांच्या गटाने २०१६ मध्ये अशा करारांचा धांडोळा घेतला. खाण्यापिण्याच्या जाहिराती करणारे लोकप्रिय गायक त्यांना ६५ सापडले, आणि त्यांनी सर्वांत जास्त जाहिराती केल्या होत्या त्या शीतपेयांच्या.

या साऱ्यात एक धागा सिगारेटकडेही जातो, आणि तो फारसा चर्चेत नसतो. आर. जे. रेनॉल्ड्स या सिगारेट कंपनीने १९६३ मध्ये ‘हवायन पंच’ हे मुलांचं गोड पेय विकत घेतलं. फिलिप मॉरिसने १९८५ मध्ये जनरल फूड्स घेतली, म्हणजे ‘कूल-एड’ आणि ‘टँग’ तिच्या हाती आले. तीन वर्षांनी तिने क्राफ्टही घेतली. खटल्यांमुळे सिगारेट कंपन्यांची अंतर्गत कागदपत्रं खुली झाली आणि कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन फ्रान्सिस्को केंद्राने ती ग्रंथालयात ठेवली. लॉरा श्मिट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती चाळून २०१९ आणि २०२० मध्ये निबंध लिहिले. सिगारेट विकताना कमावलेलं रंगांचं, चवींचं, बालमनाचं ज्ञान पेयांकडे कसं वळवलं गेलं, हे पहिल्यात आहे. दुसऱ्यात कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक वस्त्यांत सिगारेट खपवण्याचं तंत्र क्राफ्ट-जनरल फूड्सच्या विक्री विभागात कसं पोचलं, ते आहे. मेन्थॉल सिगारेटच्या पाट्यांनी ज्या गल्ल्या भरल्या, त्याच गल्ल्या, तेच जत्रा-महोत्सव, तीच समाजाची वृत्तपत्रं.

आता आकडे. कनेटिकट विद्यापीठातलं रड केंद्र हे हिशेब वर्षानुवर्षं ठेवतं. त्यांच्या २०२० च्या अहवालानुसार अमेरिकेत साखरेच्या आणि एनर्जी पेयांच्या जाहिरातीवर २०१८ मध्ये १ अब्ज ४ कोटी डॉलर खर्च झाले. २०१३ च्या तुलनेत ही वाढ २६ टक्के होती. कृष्णवर्णीय मुलांना आणि किशोरांना गोऱ्या मुलांच्या दुपटीहून जास्त जाहिराती दिसल्या. ती मुलं टीव्ही जास्त पाहतात हे त्याचं एक कारण आहे, पण तेवढ्याने हिशेब पुरा होत नाही. कोणत्या वाहिनीवर, कोणत्या कार्यक्रमात जाहिरात टाकायची हे कुणीतरी टेबलावर बसून ठरवतं. स्पॅनिश वाहिन्यांवरचा खर्च २०१८ मध्ये ८ कोटी ४० लाख डॉलर होता, २०१० च्या मानाने ८० टक्के जास्त.

स्पॅनिश बोलणाऱ्यांकडे मोर्चा वळण्यामागे सरळ गणित आहे. साखर नको म्हणणारा सुशिक्षित गोरा ग्राहक पाण्याकडे आणि डाएट पेयांकडे वळत होता. लॅटिनो लोकसंख्या तरुण होती, वाढत होती. कोका-कोलाच्या अमेरिकेतल्या विपणनप्रमुखांनी गेल्या दशकाच्या सुरुवातीलाच जाहीरपणे सांगितलं होतं, की २०२० पर्यंत तरुण ग्राहकांमधली ८६ टक्के वाढ वेगवेगळ्या वांशिक समाजांतून, विशेषतः हिस्पॅनिकांमधून येणार आहे. २०१५ मध्ये हिस्पॅनिक वारसा महिन्यात कंपनीने डब्यांवर लॅटिनो आडनावं छापली. डबा थंड आणि ओला असताना तो दंडावर दाबला की आडनाव त्वचेवर उमटायचं. ज्या देशात गोमेझ किंवा रॉड्रिगेझ हे नाव सांगितल्यावर नोकरीच्या रांगेत मागे जावं लागू शकतं, तिथे ते नाव अभिमानाने अंगावर मिरवायची ही सोय होती. त्यातली कल्पकता मान्यच केली पाहिजे. माणसाची ठसठसणारी जागा नेमकी हेरून तिच्यावर फुंकर घालायची, आणि बरं वाटल्याची किंमत डब्यामागे वसूल करायची, असा हा व्यवहार आहे.

त्याच वर्षी मेक्सिकोत हे गणित चुकलं. ओआहाकाच्या डोंगरातल्या तोतोन्तेपेक या मिशे आदिवासींच्या गावात गोरे, देखणे शहरी तरुण येतात, बाटल्यांच्या लाल झाकणांचं ख्रिसमस झाड उभारतात, त्यावर मिशे भाषेत एकीचा संदेश झळकतो आणि आदिवासी कृतज्ञतेने हसतात, अशी ती जाहिरात होती. संतापाची लाट उठली. कंपनीने माफी मागून ती मागे घेतली. मिशे भाषेला शाळेत पुरेशी जागा नव्हती, सरकारी दवाखान्यात ती कुणाला कळत नव्हती, आणि जाहिरातीत मात्र तिला जागा मिळाली, हे लोकांना झोंबलं. त्या देशाने नोव्हेंबर २०१६ मध्ये मधुमेहाला साथीच्या आणीबाणीचा दर्जा दिला आणि ओआहाकाने २०२० मध्ये अठरा वर्षांखालच्या मुलांना गोड पेयं विकायलाच बंदी घातली.

टीव्हीपेक्षा जवळची जागा म्हणजे कोपऱ्यावरचं दुकान. न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात त्याला बोदेगा म्हणतात. छताची पट्टी कंपनीच्या रंगाची, दारावर चिकटवलेलं पोस्टर कंपनीचं, आत शिरताच डोळ्यांसमोर येणारा काचेच्या दाराचा, आतून उजळलेला फ्रीज कंपनीचा. मराठी वाचकाला हे दृश्य परकं नाही. तालुक्याच्या गावात एसटी स्टँडसमोरच्या दुकानाची पाटीही अशीच रंगून येते. फ्रीज फुकट मिळतो तो नजरेसमोर काय असावं याच्या बोलीवर. ब्रॉन्क्समधल्या भुयारी रेल्वेच्या स्थानकांवरच्या जाहिराती संशोधकांनी मोजल्या, तेव्हा अनारोग्यकारक खाण्यापिण्याच्या जाहिरातींचा भर गरीब वस्त्यांकडे दिसला. याहून अस्वस्थ करणारी पाहणी २०१८ मध्ये आली. न्यूयॉर्क राज्यात, न्यूयॉर्क शहराबाहेर, गरिबांना सरकारी अन्नसाहाय्य महिन्याच्या पहिल्या नऊ दिवसांत वाटलं जातं. जिथे हे साहाय्य घेणारी कुटुंबं जास्त, तिथल्या दुकानांत नेमक्या त्याच दिवसांत गोड पेयांच्या जाहिराती आणि मांडण्या वाढत होत्या. हातात पैसे येण्याची तारीख कुणीतरी कॅलेंडरवर खूण करून ठेवली होती.

हे सगळं कशासाठी चिंतेचं, ते थोडक्यात. कोकच्या ३५५ मिलिलिटरच्या एका डब्यात ३९ ग्रॅम साखर असते, चहाचे जवळजवळ दहा चमचे. दिवसभराच्या अन्नातली वरून घातलेली साखर २५ ग्रॅमपर्यंत ठेवता आली तर उत्तम, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. प्यायलेल्या साखरेने पोट भरल्याची जाणीव होत नाही, त्यामुळे जेवण तेवढंच जातं आणि ही साखर वरकड होते. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने २०१७-१८ चे आकडे दिले आहेत. गोऱ्या प्रौढांत निदान झालेला मधुमेह ७.५ टक्के, कृष्णवर्णीयांत ११.७, हिस्पॅनिकांत १२.५, मूळनिवासी अमेरिकनांत १४.७. यातला सगळा फरक शीतपेयांच्या खात्यावर टाकता येणार नाही. गरिबी, दवाखान्याचं अंतर, ताज्या भाजीचा अभाव, पिढ्यान्‌पिढ्यांचा ताण, हे सारं त्यात आहे. पण ज्या समाजाला हा आजार आधीच जास्त ग्रासतो, त्याच्याचकडे जाहिरातीची तोफ वळवणं हा कुणीतरी घेतलेला निर्णय असतो आणि म्हणून त्याचा जाब विचारता येतो.

त्याच तक्त्यात खाली एक ओळ आहे, तिच्यावर मराठी डोळा थबकतो. अमेरिकेतल्या भारतीय वंशाच्या प्रौढांत मधुमेहाचं प्रमाण १२.६ टक्के. म्हणजे न्यू जर्सीतला किंवा कॅलिफोर्नियातला सुस्थितीतला, शिकलेला मराठी माणूसही याच रांगेत उभा आहे. गणेशोत्सवाच्या जेवणानंतर मंडळाच्या टेबलावर मांडलेल्या दोन लिटरच्या बाटल्या तिथे कुणालाच खटकत नाहीत. २०१४ च्या सुपर बोल सामन्यातल्या जाहिरातीत कोका-कोलाने अमेरिकेचं एक देशभक्तिगीत अनेक भाषांत गाऊन घेतलं, त्यात हिंदीही होती. ‘इंग्लिश सोडून हे काय’ म्हणून कडव्या मंडळींनी कंपनीला शिव्या घातल्या, तेव्हा स्थलांतरित भारतीयांना त्या जाहिरातीबद्दल आपुलकी वाटली असेल तर नवल नाही. बॉइड यांच्या काळातल्या त्या आईच्या चित्रासारखंच हेही काम करून गेलं.

भारतात अल्पसंख्याक-बहुसंख्य असा हिशेब नव्हता, इथे गिऱ्हाईक हेरलं गेलं ते गाव आणि भाषा पाहून. २००३ च्या आसपास ‘थंडा मतलब कोका-कोला’ म्हणत आमिर खान कधी मुंबईचा टपोरी झाला, कधी हैदराबादी, कधी पंजाबी, आणि २०० मिलिलिटरची बाटली पाच रुपयांत गावोगाव पोचली. पाच सेंटच्या पेप्सीची ही धाकटी बहीण. हा धागा स्वतंत्र अभ्यासाचा आहे. इथे त्याची नोंद पुरे.

या विषयातला सर्वांत अवघड भाग जाहिरातीचा नाहीच, देणगीचा आहे.

न्यूयॉर्कचे महापौर मायकेल ब्लूमबर्ग यांनी २०१२ मध्ये उपाहारगृहांत गोड पेयाचा पेला १६ औंसांहून मोठा नको, असा नियम आणला. शीतपेय उद्योग कोर्टात गेला. त्याच्या बाजूने निवेदन दाखल करणाऱ्यांत कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी १९०९ पासून झगडणाऱ्या एनएएसीपी संघटनेची न्यूयॉर्क शाखा होती, आणि हिस्पॅनिक फेडरेशनही. त्यांचा युक्तिवाद पोकळ नव्हता. नियमातून मोठ्या साखळी दुकानांना सूट मिळत होती आणि आमच्या समाजातल्या छोट्या दुकानदारांना फटका बसणार होता, असं त्यांचं म्हणणं होतं. पण एनएएसीपीला कोका-कोलाकडून निधी मिळत होता, तोही आरोग्यशिक्षणाच्या एका उपक्रमासाठी, हे बाहेर आल्यावर ज्यांनी या संघटनेवर श्रद्धा ठेवली त्यांना वाईट वाटलं. नियम मार्च २०१३ मध्ये अडवला गेला आणि पुढच्या वर्षी राज्याच्या सर्वोच्च पीठाने तो रद्दच केला.

कॅलिफोर्नियातल्या रिचमंड या तेलशुद्धीकरण कारखान्याच्या सावलीतल्या गावातही उद्योगाचा पैसा असाच बोलला. जेफ रिटरमन हे हृदयरोगतज्ज्ञ तिथे नगरसेवक होते. मुलांच्या पोटात शीतपेयातून किती साखर जाते ते कळावं म्हणून ते गाड्यावर साखर लादून गावात फिरले. २०१२ च्या निवडणुकीत गोड पेयांवरच्या कराचा प्रस्ताव मतदारांसमोर होता. उद्योगाने सुमारे २५ लाख डॉलर ओतले. कृष्णवर्णीय आणि लॅटिनो वस्त्यांतले तरुण प्रचाराला नेमले. हा कर म्हणजे गोऱ्या डॉक्टरांनी गरिबांच्या खिशात घातलेला हात आहे, असं चित्र घरोघर पोचलं. प्रस्ताव दोन-तृतीयांश मतांनी पडला. कर गरिबांना जास्त टोचतो, ही गोष्ट खरीच आहे. पण मधुमेहाने कापलेला पाय आणि डायलिसिसची खुर्चीही गरिबाच्याच वाट्याला जास्त येते, आणि त्याचं पत्रक कुणी घरोघर टाकलं नाही.

फिलाडेल्फियात महापौर मायकेल नटर यांनी २०१० आणि २०११ मध्ये असा कर आणायचा प्रयत्न केला, दोन्ही वेळा हात टेकले. याच सुमारास शीतपेय उद्योगाच्या प्रतिष्ठानने शहरातल्या मुलांच्या नामांकित रुग्णालयाला लठ्ठपणावरच्या संशोधनासाठी १ कोटी डॉलर दिले. त्या पैशाने संशोधन झालं असेल, मुलांना उपचारही मिळाले असतील. पण देणगी आली ती नेमकी त्याच वेळी. आणि असं एकाच शहरात झालं नाही. २०११ ते २०१५ या काळात कोका-कोला किंवा पेप्सिको यांच्याकडून पैसे घेणाऱ्या ९६ राष्ट्रीय आरोग्य संस्था बोस्टनच्या दोन संशोधकांनी मोजल्या. त्यांत मधुमेहावर काम करणाऱ्या संस्थाही होत्या.

ज्यांनी पैसे घेतले त्यांना नुसतं दोषी ठरवणं सोपं आहे आणि अन्यायाचंही. जिथे सरकार शिष्यवृत्ती देत नाही, तिथे कंपनीच्या शिष्यवृत्तीवर कुणाची तरी पोर पहिल्यांदा कॉलेजात जाते. तिच्या आईला ‘हे पैसे गोड विषाचे आहेत’ असं सांगायला कुणाची जीभ रेटेल? म्हणूनच राग धरायचा तर तो मदत घेणाऱ्यावर धरता येत नाही. दुसरी मदतच पोचू न देणाऱ्या व्यवस्थेवर आणि तिचा फायदा उठवणाऱ्यांवर तो धरावा लागतो.

गेल्या दहा-बारा वर्षांत खुद्द या समाजांतूनच आवाज उठू लागले, हे या विषयातलं सर्वांत आश्वासक वळण. जुलै २०१७ मध्ये विल्यम लामार आणि डेलमन कोट्स या दोन कृष्णवर्णीय पाद्र्यांनी ‘प्रॅक्सिस प्रोजेक्ट’ या संस्थेसह वॉशिंग्टनच्या कोर्टात कोका-कोला आणि शीतपेय उद्योगाच्या संघटनेवर दावा लावला. या पेयांचा आजारांशी असलेला संबंध झाकून जाहिरात केली जाते, हा आरोप होता. लामार ज्या मेट्रोपॉलिटन चर्चचे पाद्री, तिथे १८९५ मध्ये गुलामीविरोधी लढ्याचे अध्वर्यू फ्रेडरिक डग्लस यांच्या अंत्यविधीची प्रार्थना झाली होती. कोट्स यांनी वृत्तपत्राला सांगितलं त्याचा आशय असा, की रस्त्यावरच्या हिंसेपेक्षा गोडाने आपली जास्त माणसं जात आहेत. अंत्यविधीला उभा राहणारा माणूस हे बोलतो तेव्हा त्याच्यापुढे तक्ते नसतात, नावं असतात.

सॅन फ्रान्सिस्कोत डॉक्टर डीन शिलिंगर यांच्या केंद्राने आणि ‘यूथ स्पीक्स’ या संस्थेने गरीब वस्त्यांतल्या कृष्णवर्णीय, लॅटिनो, मूळनिवासी मुलामुलींना मधुमेहावर कविता लिहायला, सादर करायला बोलावलं. ‘द बिगर पिक्चर’ या मोहिमेतल्या मुलांनी साखर सोडा असा उपदेश केला नाही. आजीचं इन्सुलिन, शाळेच्या वाटेवर पाण्यापेक्षा स्वस्त मिळणारा सोडा, आपल्याच आवडत्या गायकाच्या हातातली बाटली, हे त्यांनी मांडलं. स्प्राइटने ज्या कलाप्रकाराला बाजार मानलं, त्याच कलाप्रकारातून हे उत्तर आलं.

फिलाडेल्फियाने तिसऱ्यांदा प्रयत्न केला तो वेगळ्या वाटेने. महापौर जिम केनी यांनी आरोग्याचं नावही फारसं घेतलं नाही. या करातून गरीब वस्त्यांतल्या मुलांसाठी मोफत बालवाड्या चालतील, बागा आणि ग्रंथालयं दुरुस्त होतील, एवढंच सांगितलं. १ जानेवारी २०१७ पासून औंसामागे दीड सेंट कर लागू झाला. लोक शहराबाहेर जाऊन बाटल्या आणत होते, तो भाग वजा जाता पहिल्या वर्षी या पेयांचा खप ३८ टक्क्यांनी घटला. उद्योगाने धडा घेतला. २०१८ मध्ये कॅलिफोर्नियात त्याने राज्य सरकारला कोंडीत पकडून २०३१ पर्यंत कोणत्याही गावाला असा नवा कर लावायलाच मनाई करून घेतली.

आणि नवाहो हा मूळनिवासी समाज. अ‍ॅरिझोना, न्यू मेक्सिको, यूटा या तीन राज्यांत पसरलेला त्याचा प्रदेश सुमारे ७० हजार चौरस किलोमीटरचा, आणि एवढ्या मुलखात किराण्याची मोठी दुकानं जेमतेम तेरा. बाकी भिस्त पेट्रोल पंपावरच्या दुकानावर, म्हणजे चिप्स आणि सोड्यावर. तिथल्या गावकऱ्यांच्या ‘दिने कम्युनिटी अ‍ॅडव्होकसी अलायन्स’ या संघटनेने सोड्यासह सगळ्या निकस खाद्यपदार्थांवर दोन टक्के कर लावायची मागणी धरली. नवाहोंच्या अध्यक्षांनी आधी ती नामंजूर केली, लोक पुन्हा कायदे करणाऱ्या परिषदेत गेले, आणि नोव्हेंबर २०१४ मध्ये कायद्यावर सही झाली. ताज्या फळभाज्यांवरचा विक्रीकर त्याआधीच उठवला होता. कराचा पैसा ११० स्थानिक ‘चॅप्टर’ना, म्हणजे गावसभांना जातो. त्यातून कुठे भाजीचे मळे झाले, कुठे हरितगृह, कुठे चालण्याच्या वाटा, कुठे पाण्याची सोय. कायद्याला मुदत होती, ती संपत आली तेव्हा २०२० च्या अखेरीस कोविडने हा समाज होरपळत असताना परिषदेने तो पुन्हा मंजूर केला.